नगरपालिकेच्या हाती किती हवामान?



गेल्या एप्रिलमध्ये आमच्या अणदूरजवळच्या एका शाळेत हवामानबदलावर चार शब्द सांगण्यासाठी मला बोलावले होते. शाळा सकाळची होती. तरी दहा वाजताच वर्गावरचा पत्रा तापून कडकड वाजू लागला होता. मी कार्बन डायऑक्साइडबद्दल बोललो, पॅरिस कराराबद्दल बोललो आणि शेवटी मुंबई महानगरपालिकेने स्वतःचा हवामान कृती आराखडा केला आहे, हे मोठ्या कौतुकाने सांगितले. तेव्हा नववीतील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, मुंबईला महापालिका आहे. आमच्या गावाला तर नगरपालिकासुद्धा नाही. मग हे आम्ही कशाला शिकायचं?”

वर्ग हसला. मी “प्रत्येकाने एक तरी झाड लावावे” असे काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. परत येताना मात्र मन खात राहिले. प्रश्न चोख होता आणि माझे उत्तर उत्तरच नव्हते. म्हणून हा लेख. थोडा उशिरा, पण तिच्याचसाठी.

प्रथम थोडी उजळणी

सूर्यप्रकाश वातावरणातून सहज आत येतो. तापलेली जमीन ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने परत आकाशात फेकते. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, पाण्याची वाफ हे वायू सूर्यप्रकाशाला फारसे अडवत नाहीत, परंतु या अवरक्त किरणांना अडवतात. १९५८ साली हवाई बेटांवरील मौना लोआ या डोंगरावर चार्ल्स कीलिंग यांनी नियमित मोजमाप सुरू केले तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ रेणू होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी ते २८० च्या आसपास होते. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ हे नोंदींमधील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक होते.

दीड अंश ऐकून तुम्हाला हसू येईल. आपल्याकडे सकाळ-दुपारच्या तापमानात पंधरा अंशांचा फरक पडतो! पण हा दीड अंश एका दिवसाचा किंवा एका गावाचा नव्हे, तो सगळ्या पृथ्वीच्या वर्षभराच्या सरासरीचा आहे. तुमच्या शरीराचे तापमान दीड अंशाने वाढले की तुम्ही शाळेत येत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता एक महत्त्वाची गोष्ट. कार्बन डायऑक्साइड सोलापुरात सोडला काय किंवा लंडनमध्ये सोडला काय, तो वर्ष-दोन वर्षांत साऱ्या पृथ्वीच्या हवेत मिसळतो. त्यामुळे एखाद्या गावाने आपला धूर कमी केला तर त्याचा फायदा सगळ्या जगाला वाटला जातो आणि त्या गावाच्या पदरात त्याचा अगदी नगण्य भाग पडतो. उलट, वाढलेल्या उन्हापासून, पुरापासून, दुष्काळापासून बचाव करण्यासाठी त्या गावाने काही केले तर तो सगळा फायदा त्या गावाचाच. पहिल्याला उत्सर्जन घटवणे म्हणतात, दुसऱ्याला अनुकूलन. मोठ्या राजधान्यांमध्ये चर्चा बहुधा पहिल्याची होते. लहान नगरपालिकेने दुसऱ्यापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. त्यातही एक गंमत अशी, की नगरपालिकेच्या पुष्कळशा कामांत ही दोन्ही कामे एकाच फटक्यात होतात. ते कसे, हे पुढे गणित करूनच पाहू.

कोणाच्या हाती काय?

पॅरिस करारावर २०१५ साली सहमती झाली ती देशांमध्ये. करारात शहरे पक्षकार नाहीत. परंतु धूर निघतो तो बहुतांशी शहरांतून आणि शहरांसाठी. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार २०२० साली जगातील हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात शहरांचा वाटा ६७ ते ७२ टक्के होता. म्हणून काही शहरांनी देशांची वाट न पाहता काम सुरू केले. कॅनडातील टोरांटोच्या नगरसभेने १९९० सालीच उत्सर्जन २० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठरवले होते. पुढे २००५ साली लंडनच्या पुढाकाराने मोठ्या शहरांचा एक गट तयार झाला. तो आज ‘सी-४०’ या नावाने ओळखला जातो. मुंबई त्याची सदस्य आहे.

आपल्याकडे काय? १९९२ सालच्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली गेली. नगरपालिकांकडे सोपवता येतील असे १८ विषय तीत दिले आहेत. ‘हवामानबदल’ हा शब्द त्यात सापडणार नाही. पण यादी वाचत गेलात तर नगररचना, बांधकामांचे नियमन, रस्ते व पूल, पाणीपुरवठा, स्वच्छता व घनकचरा, उद्याने, रस्त्यांवरील दिवे हे विषय भेटतात. यातला कोणता विषय हवामानाशी संबंधित नाही, हे शोधणेच अवघड! जन्ममृत्यूची नोंद हाही त्यातलाच एक विषय. तो लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

नगरपालिकेच्या हाती काय नाही, हेही पाहिले पाहिजे. वीज कोळशापासून तयार करायची की सूर्यापासून, हे ती ठरवत नाही. पेट्रोलचा भाव ठरवत नाही. मोटारी कोणत्या बनवाव्यात, हेही तिच्या हाती नाही. मुंबईचेच उदाहरण घ्या. १३ मार्च २०२२ रोजी जाहीर झालेल्या मुंबईच्या आराखड्यात २०१९ सालचा हिशेब दिला आहे. त्या वर्षी शहराचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन होते. त्यापैकी सुमारे ७२ टक्के घरे, कार्यालये व कारखान्यांत वापरलेल्या ऊर्जेमुळे, २० टक्के वाहतुकीमुळे आणि ८ टक्के कचऱ्यामुळे. म्हणजे ज्या कचऱ्यावर महापालिकेचा पूर्ण ताबा, त्याचा वाटा सर्वांत कमी. आणि ज्या विजेवर तिचा ताबा अगदी थोडा, तिचा वाटा सर्वांत जास्त. तरीही मुंबईने २०३० पर्यंत ३० टक्के, २०४० पर्यंत ४४ टक्के घट आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन असे उद्दिष्ट ठेवले. आपल्या देशाचे उद्दिष्ट २०७० चे आहे.

उद्दिष्ट लिहिणे सोपे, हे आपण परीक्षेच्या वेळापत्रकावरून जाणतोच. माझ्या दृष्टीने आराखड्यातले अधिक मोलाचे काम वेगळेच आहे. टक्केवारीच्या आधी हिशेब झाला. किती, कोठून, कशामुळे, हे एका शहराने मोजले. २०२४ मध्ये महापालिकेने अंदाजपत्रकातील कोणता खर्च हवामानाच्या कामी येतो हे दाखवणारा ‘हवामान अर्थसंकल्प’ही मांडला. मोजमापाशिवाय भौतिकशास्त्र नाही, तसे धोरणही नाही.

मुंबईला अनुकूलनाची निकड का वाटली, हे सांगायला एकच तारीख पुरे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला पडला जेमतेम ७४ मिलिमीटर. शहराच्या जुन्या गटारांची रचना ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने झालेली होती. ती क्षमता ५० मिलिमीटर करावी अशी शिफारस १९९३ सालच्या अहवालात होतीच. हवा एक अंशाने तापली की तिची वाफ धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे मुसळधार पाऊस अधिक मुसळधार होतो. हा निसर्गनियम महापालिकेला बदलता येत नाही. गटाराचा व्यास मात्र तीच ठरवते.

पाण्याचे वजन

मुंबई दूर राहिली. आता आपल्या जिल्ह्याकडे या.

११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची एक आगगाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोहोचली. दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला पंचवीस लाख लिटर पाणी आणू लागली. लागोपाठ दोन वर्षे पाऊस कमी झाला होता आणि शहराला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले होते. या दुष्काळाचा सगळा दोष हवामानबदलावर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. मराठवाड्यात दुष्काळ पूर्वीही पडत. पीकपद्धती, उपसा, गळक्या नळवाहिन्या यांचा वाटाही मोठा असतो. पण पुढच्या काळात पाऊस अधिक लहरी होणार असेल, तर पाणी सांभाळणारी संस्था अधिक शहाणी हवी, इतके तरी यातून निघते.

आता पेन्सिल घ्या. आमचे जिल्ह्याचे ठिकाण धाराशिव हे बालाघाटच्या डोंगराळ भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. त्याला पाणी येते उजनी धरणातून. त्या धरणाची पूर्ण भरल्यावरची पातळी सुमारे ४९७ मीटर आहे. म्हणजे पाणी दीडशे मीटर वर चढवावे लागते. दीडशे मीटर म्हणजे दोन कुतुबमिनार एकावर एक ठेवण्यासारखे!

शहराची वस्ती एक लाख धरा आणि दरडोई दररोज ८० लिटर पाणी धरा. मी सोपे आकडे घेत आहे, प्रत्यक्ष आकडे थोडे वेगळे असतील. रोजचे पाणी झाले ८० लाख लिटर, म्हणजेच ८० लाख किलोग्रॅम. ते १५० मीटर उचलायला लागणारी स्थितिज ऊर्जा:

८०,००,००० × ९.८ × १५० = सुमारे १,१७६ कोटी ज्यूल.

एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार केला तर सुमारे ३,२७० युनिटे येतात. ही झाली निसर्गाला द्यावीच लागणारी किंमत. शिवाय शेकडो वळणांच्या लांबलचक नळातील घर्षण आणि पंपाची अपुरी कार्यक्षमता मिळून खर्च सहज दुप्पट होतो. म्हणजे दिवसाला साडेसहा हजार युनिटे. आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे केवळ पाणी चढवण्यासाठी रोज साडेचार टन!

आता समजा, वाटेत आणि शहरातल्या जुन्या नळांतून ३० टक्के पाणी गळते. म्हणजे रोज सुमारे १,९५० युनिटे वीज गटारात गेली, १,३५० किलोग्रॅमहून अधिक कार्बन डायऑक्साइड विनाकारण हवेत गेला आणि २४ लाख लिटर पाणी गेले ते वेगळेच. लातूरच्या पन्नास वाघिणींच्या गाडीशी हा आकडा ताडून पाहा. जवळजवळ एक गाडी रोज, जमिनीखालून, कोणाला न दिसता गळते आहे! नळाचा सांधा बदलणारा फिटर स्वतःला हवामानतज्ज्ञ म्हणवत नाही. पण त्याच्या एका दिवसाच्या कामात उत्सर्जनही घटते आणि दुष्काळाशी झुंजण्याची ताकदही वाढते. दोन्ही कामे एका फटक्यात होतात असे मी वर म्हणालो, ते हे.

नळदुर्गच्या किल्ल्यातील बोरी नदीवरचा बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल तुमच्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिला असेल. १६१३ च्या सुमाराचे ते बांधकाम. पाणी वापराच्या जागेजवळ अडवून ठेवले की पुढे ते दुरून उपसून आणावे लागत नाही, हे त्या गवंड्यांना विजेच्या बिलाशिवायच कळले होते.

ऊन, घाम आणि मृत्यूची वही

आता उन्हाकडे वळू. आमच्या भागात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश असते. हवा त्याहून थंड असेल तोवर शरीरातली उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा ४२ अंशांवर गेली की उलटे होते, म्हणजे बाहेरची उष्णता आत येऊ लागते. मग शरीराजवळ एकच साधन उरते. ते म्हणजे घाम.

एक किलोग्रॅम घाम वाळताना सुमारे २४ लाख ज्यूल अप्रकट उष्मा घेऊन जातो. पोती वाहणाऱ्या हमालाच्या शरीरात सुमारे ३०० वॅट उष्णता तयार होते असे धरा. तासाला ३०० × ३,६०० म्हणजे १०,८०,००० ज्यूल. ती बाहेर टाकायला तासाला जवळजवळ अर्धा लिटर घाम वाळला पाहिजे. उन्हातून आणि तापलेल्या हवेतून येणारी उष्णता मिळवली तर याहून पुष्कळ अधिक. आठ तासांच्या कामाला किती पाणी प्यावे लागेल, याचा हिशेब तुम्हीच करा. आणि घाम निथळून खाली पडला तर उपयोग नाही, तो अंगावरच वाळला पाहिजे. म्हणूनच मुंबईच्या दमट हवेतील ३५ अंश कधीकधी आमच्या कोरड्या ४० अंशांपेक्षा अधिक छळतात.

२०१० सालच्या मे महिन्यात अहमदाबादला उष्णतेची मोठी लाट आली. २१ मे रोजी तापमान ४६.८ अंशांवर गेले. उन्हामुळे दगावणाऱ्या बहुतेकांच्या दाखल्यावर ‘उष्माघात’ हा शब्द येतच नाही. हृदय बंद पडले, मूत्रपिंडे निकामी झाली, अशीच कारणे लिहिली जातात. मग उन्हाने किती माणसे मेली हे कळणार कसे? संशोधकांनी महापालिकेची मृत्युनोंदीची वही घेतली. कारण बाजूला ठेवून त्यांनी केवळ संख्या मोजली. आधीच्या-नंतरच्या वर्षांवरून त्या महिन्यात ३,११८ मृत्यू अपेक्षित होते, प्रत्यक्षात ४,४६२ झाले. म्हणजे १,३४४ अधिक.

हा फरक योगायोगाचा असू शकेल का? अशा मोजणीत योगायोगाने पडणारा फरक साधारणपणे संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. ३,११८ चे वर्गमूळ सुमारे ५६. आणि येथे फरक १,३४४ चा! हा योगायोग नव्हता.

त्यातून २०१३ साली अहमदाबाद महापालिकेने उष्णता कृती आराखडा केला. शहराच्या पातळीवरचा दक्षिण आशियातील तो पहिलाच. त्यात मोठी यंत्रसामग्री काही नव्हती. हवामान खात्याचा अंदाज आला की पिवळा, नारिंगी किंवा लाल इशारा द्यायचा. दवाखान्यांना आधी कळवायचे. चौकाचौकांत पिण्याचे पाणी ठेवायचे. कामगारांना भर दुपारी सावलीत बसू द्यायचे. बस, इतकेच. पुढे एका अभ्यासाने २०१४ व २०१५ या वर्षांचा ताळा घेऊन, दरवर्षी सरासरी सुमारे १,१९० मृत्यू टळले असावेत, असा अंदाज काढला. अंदाज थोडा चुकला आहे असे धरले, तरी पाणपोया आणि दूरध्वनी यांच्या खर्चात इतके जीव वाचवणारे दुसरे शासकीय काम मला तरी चटकन आठवत नाही. नागपूर महापालिकेनेही नंतर असा आराखडा केला.

छपराचा प्रश्न

हमाल संध्याकाळी घरी जातो. तेथे काय असते?

आपल्या आजोबांच्या वेळची घरे दगडी भिंतींची आणि माळवदाची होती. लाकडी तुळयांवर मातीचा हातभर थर. माती उष्णतेची मंदवाहक आणि थर जाड, म्हणून दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत रात्र होई आणि माणसे गच्चीवर निजायला गेलेली असत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आपला जिल्हा मिळून हजारो माणसे याच जड माळवदांखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली गाडली गेली. त्यानंतर माळवदाची धास्ती बसली ती कायमची. पत्रे आले, सिमेंटचे स्लॅब आले. भूकंपापासून बचाव झाला, पण गारवा गेला. मागे जा असे मी कोणालाही सांगणार नाही. माझ्याही घरावर स्लॅबच आहे आणि तो रात्री अकरापर्यंत तव्यासारखा तापलेला असतो.

मग उपाय? मे महिन्यात भर दुपारी एक चौरस मीटरवर सुमारे ९०० वॅट प्रारण पडते. वीस चौरस मीटरचा गंजलेला पत्रा त्यातले ७५ टक्के शोषतो असे धरू. म्हणजे १३.५ किलोवॅट. त्याच पत्र्याला चुन्याचा पांढरा हात दिला आणि तो ३० टक्केच शोषू लागला तर ५.४ किलोवॅट. फरक ८ किलोवॅटहून अधिक, म्हणजे एक किलोवॅटच्या आठ शेगड्या डोक्यावरून उचलल्यासारखे! ही सगळी उष्णता खोलीत उतरत नाही. बरीचशी वाऱ्याबरोबर जाते, हे खरे. तरी उरते ती पुष्कळ असते. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, तो दरवर्षी लावावा लागतो, ही त्यातली मेख आहे.

आमच्या गावावरून जाणारा महामार्ग ज्या हैदराबादला जातो, त्या तेलंगणाने २०२३ साली शीत छतांचे धोरण जाहीर केले. सरकारी व व्यापारी इमारतींना आणि ठरावीक आकाराहून मोठ्या घरांना उष्णता परावर्तित करणारे छत सक्तीचे केले. ही सक्ती अंमलात येते कोठे? बांधकाम परवान्याच्या टेबलावर, म्हणजेच नगरपालिकेत. धोरण राजधानीत होते, पण शिक्का स्थानिक असतो.

दिवे आणि कचरा यांचे थोडक्यात. १५० वॅटचे हजार सोडियम दिवे काढून ७० वॅटचे एलईडी लावले तर रात्रीच्या अकरा तासांत ८८० युनिटे वाचतात. ओला कचरा ढिगाखाली हवेवाचून कुजला की मिथेन सुटतो, आणि वीस वर्षांच्या मुदतीत मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवतो. सोलापूरला कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यातून वीज करण्याचा प्रकल्प उभारला गेला तो यासाठीच. नागपूर महापालिकेने भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या वीजकेंद्राला द्यायला सुरुवात केली, तेवढे पिण्याचे पाणी वाचले.

जेथे गाडी अडते

हे सारे वाचून तुम्हाला वाटेल की काम सोपे आहे. तसे नाही. पहिली अडचण पैशाची. जकात गेली, मग स्थानिक संस्था कर गेला, २०१७ साली वस्तू व सेवा कर आला. नगरपालिकेचे स्वतःचे उत्पन्न घरपट्टी-पाणीपट्टीवर येऊन ठेपले आणि बाकीच्यासाठी तिला शासनाच्या अनुदानाकडे पाहावे लागते. दुसरी अडचण माणसांची. मुंबईचा आराखडा जाहीर झाला त्याच्या आठवडाभर आधी तेथील नगरसेवकांची मुदत संपली होती, आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ निवडून आलेले सभागृहच नव्हते. प्रशासक कार्यक्षम असू शकतो. पण आपल्या वॉर्डातले गटार तुंबल्यावर जिच्या दारात उभे राहता येते अशी व्यक्ती, तो होऊ शकत नाही.

श्रीमंत शहरांनाही हे चुकलेले नाही. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन हिने २०२५ पर्यंत कार्बनमुक्त होण्याचे ठरवले होते. २०२२ सालीच तिने जाहीर केले की ते जमणार नाही. कचरा जाळणाऱ्या केंद्रातला कार्बन डायऑक्साइड पकडण्याच्या योजनेला निधी मिळाला नाही. मला यात लाजण्यासारखे काही दिसत नाही. तीन वर्षे आधी उघडपणे सांगता आले, कारण दरवर्षीचा हिशेब लिहिलेला होता.

त्या मुलीला उत्तर

आता मूळ प्रश्न. गावाला नगरपालिका नाही, मग काय?

घटनेची अकरावी अनुसूची काढून पाहा. ती पंचायतींसाठी आहे आणि तीत २९ विषय आहेत: पिण्याचे पाणी, लघुपाटबंधारे, सामाजिक वनीकरण, ग्रामीण घरबांधणी. आणि त्यात अपारंपरिक ऊर्जास्रोत हा विषयही आहे, जो शहरांच्या बाराव्या अनुसूचीत नाही! महाराष्ट्र शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू केलेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात नगरपालिकांबरोबर ग्रामपंचायतींनाही भूमी, वायू, जल, अग्नी व आकाश या पाच सदरांत गुण दिले जातात. गुणांसाठी काम करणे मला फारसे पटत नाही. लावलेल्या रोपांच्या संख्येपेक्षा तिसऱ्या उन्हाळ्यात जगलेल्या रोपांची संख्या मला विचारावीशी वाटते. पण गुणपत्रिकेच्या निमित्ताने मोजणी सुरू झाली, हे चांगले झाले.

शिवाय, आम्हा अणदूरकरांना करार पाळण्याची सवय आहे. आमच्या खंडोबाची मूर्ती वर्षातला बराच काळ अणदूरला आणि उरलेला काळ नळदुर्गला असते. दोन्ही गावांचे मानकरी आपापसात करार करून देव नेतात आणि आणतात. कोणी उल्लंघन केले तर दुसऱ्या दिवशी बाजारात तोंड दाखवायचे असते. पॅरिसच्या करारात हीच सोय नाही.

तर मुली, तुझ्या शाळेच्या पत्र्यापासून सुरुवात कर. तेलाचे दोन सारखे पत्र्याचे रिकामे डबे घे. एकाला बाहेरून चुन्याचे दोन हात दे, दुसरा तसाच ठेव. दोन्हींच्या झाकणाला भोक पाडून तापमापक आत असा लोंबकळव की तो पत्र्याला टेकणार नाही. डबे विटांवर, उन्हात, एकमेकांपासून दोन हात दूर ठेव. सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत दर तासाला दोन्ही तापमाने लिही, आणि शेजारी सावलीतील हवेचेही तापमान लिही. असे दहा दिवस कर. एका दिवसाच्या आकड्यावरून काही बोलू नकोस. ढगाळ दिवसाची नोंद वेगळी ठेव. मग गुरुजींच्या मदतीने ग्रामपंचायत कार्यालयात जाऊन गेल्या दहा वर्षांच्या मे महिन्यांतील मृत्यूंची केवळ संख्या विचार, नावे नकोत. गाव लहान असल्याने ती संख्या चार-सहाच असेल. चारचे वर्गमूळ दोन, म्हणून त्या आकड्यावरून एकट्या गावापुरता निष्कर्ष निघणार नाही. तालुक्यातील वीस शाळांनी वीस गावांचे आकडे आणले आणि एकत्र मांडले तर कदाचित निघेल. आलेख काढलास की त्याची एक प्रत ग्रामसभेत ठेव आणि एक मला पाठव. अणदूरचा माझा पत्ता तुझ्या मुख्याध्यापकांकडे आहे.